ब्राझील : चित्रातला आणि खतावणीतला

गेल्या हंगामातली गोष्ट. सुट्टीत निपाणीकडे घरी गेले होते. रात्री जेवणे आटोपल्यावर आप्पा ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले. आतल्या पानावर एका कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती : ब्राझीलमध्ये उसाचे पीक चांगले येण्याचा अंदाज, त्यामुळे जागतिक बाजारात साखर नरम. आप्पांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मला विचारले, "तू बी. कॉम. शिकतेस न्हवं? मग सांग बघू, त्या ब्राझीलात ऊस चांगला आला तर आमच्या बिलाला खोट का?"

मला उत्तर आले नाही. ब्राझील म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पेले आला, पिवळा सदरा आला, कॉफीचा कप आला, ऍमेझॉनचे जंगल आले आणि रिओच्या डोंगरावर हात पसरून उभी असलेली ती येशूची मूर्ती आली. यातले एकही आप्पांच्या कामाचे नव्हते. "तो फुटबॉलवाला देश," एवढेच मी म्हणाले. "फुटबॉलचं ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले आणि पेपराची घडी घालून आत गेले.

बारावीला वाणिज्य शाखेत बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या मुलीला याहून मोठी चपराक ती कोणती! त्या रात्रीपासून मी ब्राझीलच्या मागे लागले. ग्रंथालयात मिळाले ते वाचले, सहलीच्या कंपन्यांची रंगीत पत्रके चाळली, व्यापाऱ्यांसाठी काढलेल्या माहितीपुस्तिका पाहिल्या. आणि माझे मत असे झाले आहे, की या देशाची ओळख आपल्याला चुकीच्या माणसांनी, चुकीच्या टोकाकडून करून दिलेली आहे. प्रवाशाला चित्रे दाखवली जातात आणि व्यापाऱ्याला आकडे. पण चित्रातला ब्राझील आणि खतावणीतला ब्राझील हा एकच देश आहे, एक समजल्याखेरीज दुसरा समजत नाही, हे कोणीच सांगत नाही. वाचकहो, ते सांगण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न.

पहिली गोष्ट आकाराची. पंचाऐंशी लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या अडीच पटींहून अधिक. आणि माणसे? २०२२ च्या जनगणनेत वीस कोटी तीस लाख. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत चार हजार किलोमीटरांच्या वर, पूर्व-पश्चिमही जवळजवळ तेवढेच. दक्षिण अमेरिकेतल्या चिली आणि इक्वेडोर या दोघांखेरीज प्रत्येक देशाची सीमा त्याला लागते. 'आधी रिओ बघू, मग एक दिवस जरा ऍमेझॉनला जाऊन येऊ' असे म्हणणारा प्रवासी आणि 'ब्राझीलसाठी एक एजंट नेमला की झाले' असे म्हणणारा व्यापारी, दोघेही एकाच खड्ड्यात पडतात. साओ पावलोहून मनाऊसला विमानानेच चार तासांच्या आसपास लागतात. मनाऊसला साओ पावलोहून सरळ गाडीने जायचे म्हटले तर रस्ता धड नाही. माल शेवटी नदीतून पडावाने जातो. आणि गंमत पाहा, अशा अडनिड्या जागी सरकारने १९६७ साली करसवलतीचे क्षेत्र उभारले, त्यामुळे देशातल्या मोटारसायकली जंगलाच्या मधोमध तयार होतात. आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीनेही २०२४ साली तिथेच कारखाना काढला. नकाशा नुसता पाहून हे कळणार नाही. करांचे कोष्टक नकाशाशेजारी ठेवून पाहिले तर कळते.

दुसरी गोष्ट हवेची. उष्ण कटिबंधातला देश म्हटले की आपण सुती कपडे भरतो. विषुववृत्त मकापा या गावावरून जाते हे खरे; पण मकरवृत्त साओ पावलोला लागून जाते, आणि त्याच्या खाली दक्षिणेकडे जूनजुलैत दव गोठते, कधी काही उंच गावांत बर्फही पडते. ऋतू आपल्या उलटे. खुद्द साओ पावलो समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या बेळगावाएवढेच! त्या शहराला पूर्वी 'रिमझिम पावसाची भूमी' म्हणत. आमच्या वसतिगृहाच्या खिडकीतून जुलैतला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे शहर अगदीच परके वाटू नये. फरक इतकाच, की तिथे वस्ती कोटीच्या वर आहे.

आता भाषेकडे येते, कारण इथेच आमच्या घरातल्या एका माणसाने ठेच खाल्ली.

माझा मामा उद्यमबागेत एका लहान कारखान्यात काम करतो. ओतीव सुटे भाग तयार होतात. तीनेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे साओ पावलोहून विचारणा आली. सगळ्यांना आनंद झाला. मुंबईच्या एका माणसाकडून माहितीपत्रक छापून घेतले, तेही गुळगुळीत कागदावर, स्पॅनिश भाषेत! दक्षिण अमेरिका म्हणजे स्पॅनिश, असा सरसकट हिशेब. मग सकाळी दहाला, कचेरी उघडल्या उघडल्या, मालकांनी उत्साहाने फोन लावला. तिथे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. आपल्यात आणि त्यांच्यात साडेआठ तासांचे अंतर. दोन दिवसांनी इंग्रजीत एक ओळीचे उत्तर आले : आमच्या देशात पोर्तुगीज बोलतात, आभार. पुढे काही झाले नाही. नमुने अजून मामाच्या टेबलाखाली पडून आहेत.

कोणी म्हणेल, एवढ्या तेवढ्यावरून माणसे व्यापार मोडतात काय? मी म्हणते, मोडतात. आपल्या भाषेच्या जागी शेजाऱ्याची भाषा कोणी गृहीत धरली तर कसे वाटते, हे बेळगावात राहणाऱ्या माणसाला, मराठी असो की कानडी, वेगळे समजावून सांगायला हवे काय? ब्राझीलभोवतीचे बहुतेक देश स्पॅनिश बोलतात, आणि म्हणूनच आपण त्यांच्यापैकी नव्हे याची ब्राझीलच्या माणसाला जाण अधिक.

वास्तविक ही चूक आपण करायला नको होती. पोर्तुगीज आपल्याला दीडशे किलोमीटरांच्या आत होती. गोव्यात १९६१ पर्यंत ती राज्यकर्त्यांची भाषा होती, आणि आजही तिथल्या विद्यापीठात शिकवली जाते. इतकेच काय, ती आपल्या तोंडात आहे. पगार हा शब्द आपण महिन्यातून एकदा तरी मोठ्या प्रेमाने उच्चारतो. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. लिलाव तिकडचा, चावी तिकडची, बादली, घमेले, पिंप, सगळे तिकडचे. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या यूपीआयसारखी 'पिक्स' नावाची पैसे पाठवण्याची सोय सुरू केली. त्यात पैसे घेणाऱ्याची जी खूण द्यावी लागते तिला ते म्हणतात 'शावी'. आपली चावीच ती! हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयात मोठ्याने हसले आणि ग्रंथपालांची बोलणी खाल्ली. गोव्याच्या एखाद्या वृद्ध शिक्षकाला चार पैसे देऊन मामाच्या मालकांनी ते पत्रक लिहून घेतले असते, तर गुळगुळीत कागदाचा खर्चही वाचला असता.

या नात्याचे धागे कुठून कुठे जातात पाहा. पेद्रो आल्व्हारिश काब्राल हा पोर्तुगीज सरदार १५०० साली निघाला होता तो हिंदुस्थानाकडे. वाटेत एप्रिलच्या २२ तारखेला त्याला ब्राझीलचा किनारा लागला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो कालिकतला पोहोचला. देशाला जे नाव मिळाले तेही मालाचे : तांबडा रंग देणारे ब्राझील नावाचे लाकूड तिथून युरोपात जाई. व्यापारी मालावरून नाव पडलेला एवढा मोठा देश दुसरा मला तरी आठवत नाही. मार्तीं आफोंसो द सोझा याने १५३२ साली साओ विसेंत इथे वसाहत वसवली आणि तिथे उसाचे चरक सुरू केले. हाच मनुष्य पुढे १५४२ साली पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होऊन गोव्यात उतरला. फ्रान्सिस झेवियर त्याच्याबरोबरच आले. म्हणजे ब्राझीलात उसाला पाणी देणारा हात गोव्यात येऊन राज्य करून गेला. आणि साखर हा शब्द? संस्कृत शर्करा, आपली साखर, कानडीतली सक्करे, पोर्तुगीजांची 'आसूकार', तिन्ही त्याच घराण्यातल्या.

तिकडून इकडे आलेल्या वस्तूंची यादी तर स्वयंपाकघरातच आहे. काजू आणि अननस ही नावे मूळ ब्राझीलच्या तुपी लोकांच्या बोलीतली. पपईला दक्षिणेकडच्या कानडीत परंगी हण्णू, म्हणजे फिरंग्यांचे फळ, म्हणतात. आमच्या निपाणीची तंबाखू अमेरिकेतून आलेली. आणि आषाढी एकादशीची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मुळात ऍमेझॉनच्या दक्षिण काठचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची आणि बटाटा त्याच खंडांतले. आजीला हे सांगितले तर ती उपास सोडायची नाही, पण माझ्याकडे संशयाने पाहील खास.

परंतु उसाच्या गोष्टीत गोड भाग थोडाच आहे. चरक चालवायला माणसे हवी होती, ती आफ्रिकेतून गुलाम करून आणली. तीनशेहून अधिक वर्षांत सुमारे ४८ लाख माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. इतकी दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ साली, साऱ्या अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. सहलीच्या पत्रकांत कार्निव्हलचे रंगीबेरंगी नाचणारे असतात, त्यांचे पणजोबा तिथे कसे पोहोचले ते नसते. साल्वादोर शहरात कार्निव्हलच्या दिवसांत पांढरे झगे आणि पांढरे फेटे घातलेल्या पुरुषांची एक प्रचंड मिरवणूक निघते. तिचे नाव 'गांधीचे पुत्र'! गांधीजींच्या हत्येनंतर एका वर्षाने, १९४९ साली, तिथल्या बंदरातल्या हमालांनी ती सुरू केली. हे आफ्रिकी वंशाचे हमाल. माझ्या मते प्रवाशाने रिओचा डोंगर एक वेळ चुकवावा, हे चुकवू नये.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे.

ब्राझीलमध्ये पेट्रोलची टंचाई १९७३ च्या तेलसंकटात फार जाणवली. १९७५ च्या नोव्हेंबरात सरकारने उसापासून अल्कोहोल काढून मोटारीत घालण्याची योजना आखली. १९७९ साली निव्वळ अल्कोहोलवर चालणारी मोटार विक्रीला आली आणि पाचसहा वर्षांत नव्या मोटारींपैकी बहुतेक त्याच जातीच्या झाल्या. मग तेल स्वस्त झाले, साखर महाग झाली, कारखान्यांनी साखरेकडे मोर्चा वळवला आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोल मिळेना. गाड्या दारात उभ्या. या अनुभवातून शहाणे होऊन २००३ पासून दोन्हींवर चालणारी मोटार निघाली. आज तिथला माणूस पंपावर उभा राहून मनातल्या मनात भागाकार करतो : अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असला तर ते भरायचे, नाहीतर पेट्रोल. त्या पेट्रोलमध्येही २०२५ च्या ऑगस्टपासून तीस टक्के इथेनॉल असतेच.

जे मोटारवाला पंपावर करतो तेच साखर कारखाना गाळपात करतो. एकाच उसाच्या रसातून साखर जास्त काढायची की इथेनॉल, हे तो भाव पाहून ठरवतो आणि हंगामातही काही प्रमाणात बदलू शकतो. वर्षाला चार कोटी टनांच्या वर साखर करणारा आणि त्यातली बहुतेक परदेशी विकणारा हा देश आज साखरेकडे झुकला, की न्यूयॉर्कच्या बाजारात भाव खाली. इथेनॉलकडे झुकला की वर. म्हणजे साखरेचा भाव एका बाजूने आखाती तेलाला बांधलेला, दुसऱ्या बाजूने साओ पावलोच्या पावसाला, आणि तिसऱ्या बाजूने त्यांच्या चलनाला, कारण रेआल पडला की डॉलरात विकलेल्या साखरेचे त्यांना जास्त रेआल मिळतात आणि ते आणखी विकतात.

हे आप्पांच्या बिलापर्यंत कसे येते? उसाचा किमान दर दिल्लीत ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, असा कायदा आहे. पण कायद्याने दर ठरतो, कारखान्याच्या तिजोरीत पैसा येत नाही. बाहेर साखर स्वस्त असली की निर्यात परवडत नाही, माल गोदामात साठतो, देशातही भाव मंदावतो आणि मग कारखान्याच्या कचेरीतून 'पुढच्या पंधरवड्यात बघू' असे उत्तर येते. आम्ही ते उत्तर एका वर्षी एप्रिलपासून गणपतीपर्यंत ऐकले. माझ्या पहिल्या वर्षाची फी त्याच वर्षी भरायची होती. टनाला ३५०० रुपये मिळावेत म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसला आपल्या जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा वर्तमानपत्रांत सरकारची बाजू आली, कारखान्यांची आली, शेतकऱ्यांची आली. साओ पावलोची बाजू कोणी लिहिली नाही. ती असायला हवी होती, असे माझे मत आहे.

उलट ब्राझीलने आपली बाजू मांडायला कसूर केलेली नाही. २०१९ साली ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालासह त्याने जागतिक व्यापार संघटनेत आपल्या सरकारविरुद्ध तक्रार केली, की भारत उसाला आणि साखर निर्यातीला नियमाबाहेर साहाय्य देतो. २०२१ च्या डिसेंबरात निकाल आपल्याविरुद्ध गेला. आपण अपील केले. म्हणजे आप्पांच्या बांधावरचा दर जिनिव्हाच्या टेबलावर चर्चिला गेला, आणि समोर बसलेला वकील ब्राझीलचा होता. त्यांनी आपली ओळख नीट करून घेतली होती. आपण त्यांची घेतली होती काय?

म्हणून मी त्यांचा साखरधंदा जमेल तितका समजून घेतला. त्यांच्या मध्य-दक्षिण भागातले गाळप एप्रिलात सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरापर्यंत चालते; आपले साधारण नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलला उरकते. त्यांचा पट्टा थांबतो तेव्हा आपला फिरत असतो. त्या भागातली तोडणी आता जवळजवळ सगळी यंत्राने होते. प्रादोपोलिसचा एकच कारखाना हंगामात सुमारे एक कोटी टन ऊस गाळतो. साओ पावलो राज्यात उसाची किंमत नुसत्या वजनावर ठरत नाही. उसातून मिळू शकणाऱ्या एकूण शर्करेवर आणि साखर व इथेनॉल दोन्हींच्या विक्रीभावावर ठरते, आणि तिची रीत शेतकरी आणि कारखानदार यांच्या संयुक्त मंडळाने बसवलेली आहे. आपल्याकडे साखरेऐवजी इथेनॉल काढावे की नाही हे २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीच्या एका आदेशाने ठरले आणि पुढच्या ऑगस्टात दुसऱ्या आदेशाने बदलले. त्यांचे सगळे उत्तम आणि आपले सगळे वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांच्याकडे मोठमोठी शेते आहेत, आमच्याकडे दोन एकर. यंत्र आमच्या वाफ्यात वळायचेच नाही.

आणि तिथे जाऊन हात पोळलेलेही आपल्यातच आहेत. बेळगावात मुळे असलेल्या एका साखर कंपनीने २०१० च्या सुमारास ब्राझीलमधले कारखाने विकत घेतले होते. कल्पना चांगली होती : दोन्ही गोलार्धांत गाळप, वर्षभर माल. पण साखरेचा भाव उतरला, तिथल्या सरकारने भाववाढ दाबण्यासाठी पेट्रोल स्वस्त ठेवले त्यामुळे इथेनॉल मार खाऊ लागले, रेआल घसरल्याने परकी कर्जाचे ओझे वाढले, आणि २०१५ साली तिथल्या न्यायालयात धनकोंपासून संरक्षण मागण्याची पाळी आली. आमच्या वर्गात परदेशी व्यापारावर जी उदाहरणे शिकवतात ती बहुतेक अमेरिकेतल्या कंपन्यांची. हे घरातले उदाहरण कोणीतरी शिकवावे.

पैशाच्या बाबतीत ब्राझीलचा माणूस आपल्याहून अधिक पोळलेला आहे, हेही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे. १९८६ ते १९९४ या आठ वर्षांत तिथे पाच वेळा चलन बदलले. १९९० साली सरकारने बँकेतल्या ठेवी गोठवल्या. १९९३ मध्ये वर्षाची भाववाढ दोन हजार टक्क्यांच्याही वर होती. सकाळी पाहिलेला भाव संध्याकाळी खरा नसे. त्यातून काढलेली वाट अशी, की हिशेब लिहिणाऱ्या कोणालाही तिचे कौतुक वाटावे. १९९४ च्या मार्चमध्ये त्यांनी एक नुसते हिशेबाचे माप काढले, ज्याची नोट नाही, नाणे नाही. भाव आणि पगार या मापात सांगायचे, पैसे जुन्या चलनात द्यायचे, आणि त्या मापाचा दर सरकार रोज जाहीर करणार. चार महिन्यांत लोकांना स्थिर भावात विचार करण्याची सवय लागली, आणि १ जुलैला तेच माप नोट होऊन खिशात आले, २७५० जुन्या चलनाला एक रेआल. आधी खतावणीत आणि मग खिशात! आजही त्या पिढीचा माणूस उधारीचे कलम बारकाईने वाचतो, आणि दुकानात चपलासुद्धा हप्त्यांवर मिळतात. करांची गुंतागुंत तर अशी, की आपली जीएसटीपूर्वीची स्थिती बरी. २०२३ च्या डिसेंबरात त्यांनी घटनादुरुस्ती करून आपल्यासारखाच एकत्रित कर आणायचे ठरवले. ती व्यवस्था २०२६ पासून टप्प्याटप्प्याने २०३३ पर्यंत लागू व्हायची आहे. तोवर तिथला हिशेबनीस सांगेल ते ऐकावे.

प्रवाशासाठी थोडे सांगते, कारण पत्रके ते सांगत नाहीत. ब्राझीलहून परतताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर आपल्याला अडवून वेगळे ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. शाकाहारी माणसाने 'मांस नको' एवढेच सांगून भागत नाही. तिथे मांस म्हणजे बहुधा गाईबैलाचे, त्यामुळे कोंबडी ताटात येऊ शकते. भात आणि घेवड्याची उसळ रोजची आहे, पण उसळीत डुकराचे मांस घातले आहे का ते विचारावे. सर्वांत सोयीची ती किलोवारी खाणावळ. आपण हवे ते वाढून घ्यायचे, ताट तराजूवर ठेवायचे आणि वजनाचे पैसे द्यायचे. बाजारात उसाचा ताजा रस मिळतो आणि त्यांचा गूळही मिळतो. 'रापादूरा' म्हणून मागावा.

आणि गाडीतून जाताना कुरणांत पांढरी, वशिंडाची गुरे दिसतील. ओळखीची वाटली तर नवल नाही. ती आपल्या आंध्रातल्या ओंगोल जातीची वंशज. ज्या नेल्लोरच्या नावाने आपल्याकडे ती ओळखली जात, त्यावरून तिथे त्यांना 'नेलोरे' म्हणतात. गीर आणि कांकरेज गाईही तिथे गेल्या. माणसांपेक्षा गुरे अधिक असलेला तो देश आहे, आणि त्यांतली बहुसंख्य आपल्या रक्ताची आहेत. त्यांच्या कुरणांसाठी ऍमेझॉनची झाडी तुटते ही गोष्ट त्या पांढऱ्या गाईकडे पाहून सुचत नाही, पण ती खरी आहे. २००४ साली एका वर्षात २७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक जंगल गेले. पुढे ते प्रमाण बरेच खाली आले, २०१९ नंतर पुन्हा वाढले, आणि २०२३ पासून पुन्हा उतरले. जंगल पाहायला जाणाऱ्याने वाटेतले कुरणही पाहावे.

असो. हे सगळे जमवून मी दिवाळीत घरी गेले. आप्पांना ओसरीवर बसवून साग्रसंगीत सांगितले : पंप, सत्तर टक्के, न्यूयॉर्क, रेआल, जिनिव्हा. आईने मध्येच चहा आणला. आप्पांनी एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाले, "एप्रिलात त्यांचं गाळप चालू होतंय म्हणतेस?"

"होय."

"मग आपला ऊस मार्चच्या आत तुटायला पायजे. नंतर ह्या कारखान्याचं पंधरवड्याचं गाणं ऐकायला नको."

आणि टोळीच्या मुकादमाला फोन लावायला ते उठले. मुकादमाचा फोन लागला नाही. तेव्हा चिटबॉयला लावला.